मूल तुमच्या घरात, निर्णय कोणाच्या हातात?

फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे प्रतिपालकत्वात, मूल घ्यायला निघालेली जोडपी माहिती विचारायला येतात, तेव्हा सुरुवातीचे प्रश्न साधे असतात. कागदपत्रं कोणती लागतील, किती महिने जातील, घरी कोण कोण तपासणीला येईल. थोडा मोकळेपणा आला की मग मनातला प्रश्न ओठांवर येतो: "म्हणजे ते मूल आमचंच असेल ना?" यावर मी गुळमुळीत बोलत नाही. घर तुमचं असेल, माया तुमची असेल, तापातलं जागरण तुमचं असेल, पण मूल तुमच्या नावावर होणार नाही. हे ऐकून काहीजण उठून जातात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांच्यासाठी दत्तकाचा मार्ग आहे. जे बसून राहतात, त्यांच्याशी पुढचं बोलायचं आहे. आणि ज्यांचं मूल आज बालगृहात किंवा दुसऱ्याच्या घरी आहे, त्या आईवडिलांशीही.

दत्तक आणि प्रतिपालकत्व यांची आपल्याकडे फार गल्लत होते. दत्तकाचा आदेश झाला की मूल सर्व अर्थांनी नव्या आईबापांचं होतं. आडनाव, वारसा, शाळेपासून दवाखान्यापर्यंतच्या सगळ्या सह्या त्यांच्या. प्रतिपालकत्वाचं तसं नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४४ नुसार बालकल्याण समिती आदेश काढते आणि मूल थोड्या किंवा जास्त काळासाठी निवडलेल्या कुटुंबात राहायला जातं. ही मुलं बहुतेक करून सहा वर्षांवरची असतात. कुणाची आई दीर्घ आजारी, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाचे आईवडील सांभाळायला असमर्थ ठरलेले, तर कुणाला बालगृहात भेटायलाच कोणी येत नाही. जे मूल दत्तक जाऊ शकतं, त्याला दीर्घकाळच्या प्रतिपालकत्वात ठेवू नये, असं हाच कायदा सांगतो. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या मुलामागे बहुधा कोणीतरी आहे. दूर असेल, दुबळं असेल, चुकलेलं असेल, पण आहे.

म्हणूनच एका मुलाच्या आयुष्यातले निर्णय इथे चार-पाच हातांत वाटले जातात. पहिला हात बालकल्याण समितीचा. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यात किमान वीस दिवस तिनं कामकाज चालवावं, अशी तरतूद आहे. ताबा कोणाकडे, किती काळ, आईवडिलांनी भेटायचं का आणि कसं, मूल घरी परत कधी जायचं, हे समितीच ठरवते. दुसरा हात जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा. गृहचौकशी, दरमहाची मदत, पाहणी, अहवाल ही कामं त्यांची. तिसरा हात जन्मदात्यांचा, चौथा तुमचा. पाचवा खुद्द मुलाचा, आणि त्याचीच आठवण सगळ्यांना शेवटी होते.

लोकांना वाटतं, एवढे हात आहेत तर भांडणं होत असतील. भांडणं होतातच, पण त्याहून जास्त वेळा होतं ते असं की कोणीच निर्णय घेत नाही. शाळेला वाटतं समितीचं पत्र येईल. समितीला वाटतं अधिकारी अहवाल देतील. अधिकाऱ्याकडे शंभर फायली. प्रतिपालकांना वाटतं, आपल्याला काय अधिकार? आणि मुलाच्या चष्म्याचा नंबर, दाताची कीड, आठवीनंतरची शाळा, जातीचा दाखला हे सगळं महिनोन् महिने तसंच पडून राहतं. माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं एवढंच आहे, की निर्णय तुमचा नसेल, पण तो योग्य माणसाकडून वेळेत घेतला जाईल हे पाहणं तुमचंच काम आहे. मुलासोबत चोवीस तास तुम्हीच असता, त्याचा दात दुखतो हे आधी तुम्हालाच कळतं.

आधी तुमच्या हातात काय आहे ते बघू. मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी कायद्यानं प्रतिपालक कुटुंबावर टाकली आहे. जबाबदारी आली की रोजचे निर्णय आपसूक आले. कधी झोपायचं, डब्यात काय, शिकवणी लावायची का, मोबाईल किती वेळ, कोणत्या मित्राकडे खेळायला जायचं, शाळेच्या सहलीला पाठवायचं का, ताप आल्यावर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं. यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहायचं कारण नाही. काही प्रतिपालक इतके धास्तावलेले असतात की मूल सायकल शिकताना पडेल म्हणून सायकलच देत नाहीत. "उद्या काही झालं तर आम्ही काय उत्तर देणार?" त्या भीतीपायी मुलाचं बालपण गोठतं. वर्गातली बाकीची पोरं गुडघे फोडून घेत असताना हे एकटंच कडेला उभं. त्याला तेवढ्यानंही कळतं की आपण या घरातले नाही.

ही धास्ती आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत सरकारी ताब्यातल्या मुलाला मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं तरी अनेक ठिकाणी सरकारी कार्यकर्त्याची परवानगी लागत असे. मुलं त्याला इतकी कंटाळायची की विचारणंच सोडून द्यायची. २०१४ साली तिथे संघराज्याच्या कायद्यानं नवा निकष आणला. एखादा समंजस, काळजीवाहू पालक स्वतःच्या मुलाबाबत जसा निर्णय घेईल, तसा निर्णय खेळ, सहल, छंदवर्ग, मित्रांकडचा मुक्काम याबाबत प्रतिपालकानं घ्यावा. इंग्लंडमध्ये तर मूल घरात ठेवताना जो आराखडा करतात, त्यात कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे लिहून ठेवावं लागतं, अगदी केस कापण्यापासून शाळेच्या सहलीपर्यंत. आपला कायदा एवढ्या बारकाव्यात शिरत नाही. पण वहीच्या एका पानावर तुम्ही तशी यादी करू शकता आणि बाल संरक्षण अधिकाऱ्यासमोर बसून ती पक्की करून घेऊ शकता. तोंडी "हो हो, चालेल" यावर विसंबू नका. अधिकारी बदलतात. समितीच्या सदस्यांची मुदतही फार तर तीन वर्षांची असते. लिहिलेला कागद राहतो.

केसांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. मुलगी घरी येते, डोक्यात उवा असतात, आणि दुसऱ्याच दिवशी तिचे लांब केस खांद्यापर्यंत कापले जातात. हेतू चांगला असतो. मग भेटीच्या दिवशी आई येते आणि लेकीचं डोकं बघून तिचा चेहरा पडतो. रोज तेल लावून दोन वेण्या घालणं हीच त्या आईची एक गोष्ट उरलेली असते. उवांवर औषध आहे, फणी आहे, थोडा धीर आहे. केस, नाव, धर्म, सणवार, उपास, खाण्यातले सोवळे-ओवळे, मांसाहार या गोष्टी दिसायला घरगुती असल्या तरी मुलाच्या ओळखीच्या आहेत. त्या बदलायला तुम्ही आलेला नाहीत. "कल्पना नाव जुनाट वाटतं, आम्ही तिला कियारा म्हणतो" असं कौतुकानं सांगणारे भेटतात. असं करू नका. शाळेच्या दाखल्यावर स्वतःचं आडनाव लावायचा मोह तर अजिबात नको.

भाषेचंही तेच. मेळघाटातलं मूल कोरकू बोलत येतं, नंदुरबारकडचं भिली, तांड्यावरचं गोरमाटी. पुण्या-मुंबईच्या घरात त्याला शुद्ध मराठी आणि वर इंग्रजी शिकवायची घाई होते. मराठी शिकू द्या, इंग्रजीही शिकू द्या, पण धाकट्या भावाशी फोनवर ते आपल्या बोलीत बोलत असेल तर मध्ये पडू नका. जर्मनीत बाल कल्याण यंत्रणेच्या ताब्यात गेलेल्या भारतीय मुलीची बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. तिला तिची भाषा आणि आपले सणवार ठाऊक असणाऱ्या घरात ठेवा, या मागणीवर आपल्याकडे केवढी हळहळ व्यक्त झाली! तीच हळहळ आपल्या घरी आलेल्या कोरकू मुलाच्या वाट्यालाही यायला हवी. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं, असं आपला कायदा सांगतो. एकत्र ठेवता आलं नाही, तर त्यांची भेट आणि फोन चालू ठेवणं तुम्हाला नक्कीच जमण्यासारखं आहे.

आता दवाखान्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घाबरगुंडी तिथे उडते. सर्दी-खोकला, लसी, पडल्यावरचे टाके यांत अडचण येत नाही. अडतं ते शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर. "नातं काय?" या रकान्यात काय लिहायचं, इथून सुरुवात. आई किंवा वडील असं लिहू नका. प्रतिपालक असंच लिहा आणि समितीच्या आदेशाची प्रत सोबत जोडा. टॉन्सिल्स, हर्निया, तिरळेपणा अशी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांचं पत्र घेऊन आधी समितीकडे जा आणि लेखी परवानगी घ्या. महिन्याचे किमान वीस दिवस समिती बसते, तेव्हा हे अवघड नाही. अपघात झाला, अपेंडिक्स फुटायला आलं, थांबायला वेळच नाही, अशा वेळी डॉक्टरांना कायद्याचं संरक्षण आहे. संमती देणारं कोणी जवळ नसेल आणि वेळ दवडता येत नसेल, तर रुग्णाच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेला उपचार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० नुसार गुन्हा ठरत नाही. मुलाला दाखल करा, उपचार सुरू होऊ द्या, आणि त्याच वेळी अधिकाऱ्याला फोन करा, संदेश पाठवा. संदेशावर वेळ नोंदली जाते, ती पुढे उपयोगी पडते.

मनाच्या औषधांबाबत मात्र दुप्पट सावध राहा. ही मुलं रात्री किंचाळत उठतात, अंथरूण ओलं करतात, वस्तू फेकतात, खोटं बोलतात, अन्न लपवून ठेवतात. घरातले सगळे थकतात आणि कोणीतरी सुचवतं, एखादी शांत करणारी गोळी मिळते का बघा. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर न्या, त्यात कमीपणा नाही. पण गोळी मुलाच्या त्रासासाठी आहे की आपल्या झोपेसाठी, हे डॉक्टरांना तोंडावर विचारा. कॅलिफोर्नियात आईवडिलांपासून काढून न्यायालयाच्या देखरेखीत आणलेल्या मुलाला अशी औषधं द्यायची तर साधारणपणे न्यायाधीशाचा आदेश लागतो. मुलाला गप्प करणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं, म्हणून हा निर्णय त्या सगळ्यांपासून थोडा लांब ठेवलेला आहे. आपल्याकडेही अशी औषधं सुरू करण्याआधी अधिकाऱ्यांना कळवायचं आणि ती बंद कधी करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, एवढं तरी पाळा.

शाळेचं बोलू. बालगृहातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मुलाकडे जन्मदाखला नसतो, जुन्या शाळेचा दाखला नसतो, आणि मुख्याध्यापक म्हणतात, कागद आणा मग बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की सहा ते चौदा वयोगटातल्या मुलाचा प्रवेश वयाच्या पुराव्याअभावी नाकारता येत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवूनही ठेवता येत नाही. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. शाळा, माध्यम किंवा बोर्ड बदलायचं असेल तर मात्र एकट्यानं ठरवू नका. मूल सहा महिन्यांनी घरी परत जाणार असेल आणि तुम्ही त्याला सेमीमधून पूर्ण इंग्रजीत टाकलं, तर गावी गेल्यावर त्याचे हाल होतील. तुमचा निर्णय तुमच्या घरापुरता चांगला असून भागत नाही, तो मुलाच्या पुढच्या मुक्कामालाही चालला पाहिजे.

कागदपत्रांचा ढीग आज कंटाळवाणा वाटेल, पण अठरा वर्षं पूर्ण होतात तेव्हा त्याची किंमत कळते. आधार, बँक खातं, जातीचा दाखला. यातला जातीचा दाखला सगळ्यात अवघड, कारण त्याला वडिलांकडच्या नात्यातले पुरावे लागतात आणि ते मिळवायला गावी जावं लागतं. अनाथ मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिलं, पण त्यालाही प्रमाणपत्र लागतं. मूल कोणत्या वाटेनं जाऊ शकतं हे समितीनं आणि अधिकाऱ्यांनी ठरवायचं असतं. त्यांना दर भेटीत आठवण करून द्यायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. बारावीच्या फॉर्मच्या वेळी पळापळ करण्यापेक्षा आठवीपासून विचारत राहा.

प्रवासाचं सरळ आहे. दिवाळीत गावी, मे महिन्यात कोकणात न्यायचं असेल तर अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवा, कुठे राहणार त्याचा पत्ता द्या. राज्याबाहेर जायचं असेल तर परवानगी घेऊनच निघा. परदेशाचा विषय काढू नका, कारण अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी आईवडिलांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो आणि तुमची सही तिथे चालत नाही. आणखी एक, मोबाईलचं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करायला कायद्याची बंदी आहे. कलम ७४ नुसार त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाढदिवसाचा फोटो स्टेटसला ठेवण्याआधी हे आठवा. आणि शिक्षेची भीती नसती तरी विचारा, उद्या त्याच्या वर्गातल्या मुलांनी "याचे आईबाप खरे नाहीत" असं म्हणावं, हे त्याला चालेल का?

सगळ्यात नाजूक गोष्ट आता बोलते: आईवडिलांची भेट. आईवडील असमर्थ ठरले म्हणून मूल तुमच्याकडे आलं असेल, तरी ठरावीक अंतरानं मुलाला भेटण्याची मुभा त्यांना कायदा देतो. ती भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं तरच ती थांबवता येते, आणि तसं करताना कारणं नोंदवावी लागतात. ते पुन्हा सांभाळायला समर्थ झाले असं समितीनं ठरवलं, की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. भेटीनंतर मूल दोन दिवस धुमसतं, जेवत नाही, तुमच्यावरच चिडतं. तेव्हा "त्यांना भेटूच देऊ नका" असं म्हणावंसं वाटतं. तुम्हाला जो त्रास दिसला तो तारीख घालून लिहून ठेवा आणि समितीला द्या. समितीला आदेश काढताना अशाच नोंदींचा आधार लागतो. पण भेट बंद करायचा अधिकार स्वतःकडे घेऊ नका, आणि मुलासमोर त्याच्या आईबद्दल वाईट बोलू नका. मूल स्वतःला तिचंच समजतं, ते बोलणं त्यालाच लागतं.

लोक कौतुकानं म्हणतील, "तुम्ही तर यशोदा झालात." ऐकायला बरं वाटतं. पण कृष्ण मथुरेला निघाला तेव्हा यशोदेचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. तुमची स्थिती तिच्यापेक्षा बरी आहे. मूल परत पाठवण्याआधी तुम्ही समितीसमोर आपलं म्हणणं मांडू शकता. प्रतिपालकत्वाबाबतचा समितीचा आदेश पटला नाही, तर तीस दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. आणि मूल पुढे कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झालं, तर किमान दोन वर्षं त्याला सांभाळलेल्या प्रतिपालकांना ते दत्तक घेण्याची वाट २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी खुली केली आहे. आधी ही अट पाच वर्षांची होती. याच सूचनांनुसार आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकतात, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. पण दत्तकाची रांग चुकवायची म्हणून या दारानं येऊ नका. मनात तो हिशेब ठेवलात, तर मुलाची आई सुधारल्याची बातमी तुम्हाला वाईट बातमी वाटू लागेल. मुलाला ते तुमच्या चेहऱ्यावर दिसेल.

पैशांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिन्याला ४,००० रुपये आणि महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये अशी मदत ठरलेली आहे. ही रक्कम मुलाच्या खर्चासाठी आहे, तुमच्या कष्टांचा तो मोबदला नव्हे. हिशेब ठेवा, म्हणजे दर महिन्याच्या पाहणीला येणाऱ्या माणसाशी बोलताना अवघडल्यासारखं होणार नाही.

आता आजी-आजोबा, मामा, काका, आत्या यांच्यासाठी. आपल्याकडे आईबाप गेलेलं किंवा निघून गेलेलं मूल बहुतेक वेळा नातलगच सांभाळतात, आणि "आपल्याच रक्ताचं आहे, कागद कशाला?" म्हणून काहीच करत नाहीत. मग शाळेत, बँकेत, दवाखान्यात आणि विम्याच्या पैशांवर अडतं. मुलाच्या नावावर जमीन, घर किंवा पैसा असेल तर जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घ्या. त्यासाठी १८९० पासूनचा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा आहे. नातलगांत वाद निघायची वाट पाहू नका. आणि शेतावर डोळा असलेल्या एखाद्या नातलगाकडे मुलाच्या सगळ्या सह्या जाऊ नयेत, याची काळजी आज घेता येते.

आणि ज्यांचं मूल दुसरीकडे आहे, त्या आईवडिलांनो, तुमच्याशीही दोन शब्द. मूल ताब्यात गेलं म्हणजे तुमचं पालकपण पुसलं गेलं असं समजून घरी बसू नका. समितीच्या तारखेला जा. भेटीची वेळ पाळा, कारण न आलेल्या भेटींचीही नोंद होते. दारू सोडली, काम मिळालं, खोली घेतली, तर त्याचे पुरावे दाखवा. समजत नाही अशा कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मूल कायमचं सोडून देत आहोत असं समर्पणपत्र दिलंत, तरी फेरविचाराला कायद्यानं दोन महिने मिळतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

राहता राहिला पाचवा हात. आपल्यासंबंधीच्या प्रत्येक निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकलं जावं आणि वय आणि समज पाहून ते विचारात घ्यावं, हे बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलेलं आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तेच आहे आणि भारतानं तो १९९२ साली स्वीकारला. प्रत्यक्षात मुलाला सांगितलं जातं ते बॅग भरायच्या दिवशी. याला कायद्याची दुरुस्ती नको, तुमची सवय बदलायला हवी. तारीख जवळ आली की आदल्या आठवड्यात सांगा: सोमवारी समितीपुढे जायचं आहे, तिथे हे विचारतील, तुला काय वाटतं? त्याला बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहू द्या. दहा वर्षांच्या पोरानं "मला इथेच राहायचंय" म्हटलं तर त्याला खोटं आश्वासन देऊ नका. "तुझं म्हणणं मी त्यांना सांगेन, ठरवणार ते" एवढं खरं सांगा. मुलाला विचारलं म्हणजे ते म्हणेल तसंच होईल असं नाही, आणि हे मुलांना आपण समजतो त्यापेक्षा चांगलं कळतं. न विचारता झालेलं मात्र ती विसरत नाहीत.

अठरा वर्षं पूर्ण झाली की ज्या मुलाचा एकही निर्णय इतकी वर्षं त्याला घेऊ दिला नव्हता, त्याच्या अंगावर सगळे निर्णय एकदम पडतात. कुठे राहायचं, काय शिकायचं, पैसे कसे पुरवायचे, आईला शोधायचं की नाही. काहींना पुढे एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची (आफ्टरकेअर) मदत मिळते, पण निर्णय घ्यायची सवय कोणतीही योजना देत नाही. ती त्या रोजच्या लहान निर्णयांतूनच लागते, जे कायद्यानं तुमच्या हातात ठेवले आहेत. म्हणून ते सगळे स्वतःजवळ धरून बसू नका. दिवाळीच्या कपड्यांचे पैसे त्याच्या हातात द्या आणि महाग शर्ट घेऊन चप्पल राहिली तरी बोलू नका. कोणता खेळ, कोणती शिकवणी, सुट्टीत कोणाला फोन, हे त्याला ठरवू द्या, चुकू द्या, पुन्हा ठरवू द्या. ताबा समितीकडे आहे, हक्क आईवडिलांकडे आहेत. स्वतःचं स्वतः ठरवायला शिकवण्याची संधी मात्र तुमच्याकडे आहे, आणि ती वापरायला कोणाच्याही सहीची गरज नाही.